पहिली रेघ कोणाची?

धर्मशास्त्रकारांनी पातकांच्या ज्या याद्या करून ठेवल्या आहेत, त्यांत दुसऱ्याच्या कागदावर न विचारता रेघ ओढणे हे पातक कोठे आढळत नाही. त्या याद्या झाल्या तेव्हा कागदच नव्हता, हे एक कारण असेल. आणि वडीलधाऱ्या माणसाने लहानांच्या कामात हात घालणे हे पातक असू शकते ही कल्पनाच त्या काळी कोणास शिवली नसेल, हे दुसरे. आम्ही मात्र हे कृत्य केले आहे. तेही वयाची सत्तरी उलटल्यावर, आपल्याच घराच्या बैठकीत, सहा शाळकरी मुलांच्या देखत. त्यास पातक म्हणावे, नुसती आगळीक म्हणावी, की वडीलपणाचे कर्तव्यच म्हणावे, याचा निवाडा आमचा आम्हांस अद्याप नीट करता आलेला नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आमचे घर ग्वाल्हेरास, लष्कर भागात, जयेंद्रगंजात आहे. गोव्याकडील व मुंबईकडील वाचकांस हे नाव परके वाटेल, म्हणून सांगतो. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची इ. स. १८१० च्या सुमारास पडलेली छावणी. तंबू गेले, वाडे आले, आणि छावणीचे नाव मात्र वस्तीस कायमचे चिकटले. त्या छावणीच्या मागोमाग आलेल्या मराठी घरांतील काही अद्याप येथे नांदत आहेत. घरात मराठी, दारात हिंदी, आणि देवापुढे दोन्ही, असा आमचा व्यवहार. बाहेर रस्त्यावर दुकानांची आणि वाहनांची दाटी झाली असली, तरी आमच्या घराच्या आतल्या खोल्यांना दगडी उंबरे अजून आहेत, आणि या गोष्टीचा प्रारंभ त्या उंबऱ्यापासूनच होतो.

२०२३ च्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा आपल्या शाळेच्या चमूतील आणखी पाच जणांस घेऊन आमच्याकडे आला. त्यांत चौघे हिंदी घरांतले, तो व एक मुलगी मराठी. एका आंतरशालेय स्पर्धेसाठी त्यांस यंत्रमानव तयार करावयाचा होता. यंत्रमानव हा शब्द मोठा. प्रत्यक्षात त्या वस्तूस ना तोंड ना हात. पाण्याने भरलेला पेला अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीपर्यंत न्यावयाचा, वाटेत चार सेंटिमीटर उंचीचा उंबरा ओलांडावयाचा, आणि रिकामा पेला घेऊन परत यावयाचे. हे सर्व कोणी हात न लावता. मुले आमच्याकडे आली ती आमच्याजवळ ड्रॉइंग बोर्ड होता म्हणून. आम्ही एका सरकारी कचेरीत सदतीस वर्षे नकाशे काढले. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, कंपासपेटी, सारे काही निवृत्तीनंतरही आम्ही पुसूनपासून ठेवले आहे. एवढे मोठे मेज आणि एवढे रिकामे आजोबा त्यांस जयेंद्रगंजात दुसरीकडे मिळाले नसते.

त्यांच्या शिक्षिकेने एक नियम घालून दिला होता. पहिले तीन दिवस प्रत्येकाने सुचेल ते काढावयाचे, आणि कोणीही दुसऱ्याच्या चित्रास वाईट म्हणावयाचे नाही. हा नियम आम्हांस तेव्हा पोरकट वाटला. सदतीस वर्षांत आम्ही ज्या कचेरीत बसलो तेथे वाईट चित्रास वाईट म्हणण्यासाठीच माणसे नेमलेली होती.

पहिल्या दोन संध्याकाळी कागदांचा सडा पडला. जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी ग्वाल्हेरच्या प्रत्येक पोराने पाहिलेली असते. माधवराव महाराजांच्या काळची ती गाडी मेजावरील रुळांवरून पाहुण्यांपुढे सुरया फिरवी. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. तेव्हा पहिले चित्र आगगाडीचेच निघाले यात नवल ते काय! रूळ उंबऱ्यावरून कसे न्यावयाचे हा प्रश्न निघताच ती गाडी मागे पडली; परंतु पेला उचलताच यंत्राने थांबावे ही तिची खुबी मात्र मुलांनी वहीत टिपून ठेवली. एकाने कोळ्यासारखे आठ पायांचे यंत्र काढले. एकाने रणगाड्यासारखा पट्टा काढला. एकाने तर पेला विमानासारखा उडवून नेला, आणि आजारी माणसाच्या अंगावर पाऊस पडेल की नाही यावर पाऊण तास वाद झाला. त्या वादात आम्हीही मनसोक्त हसलो.

त्या मुलीचे चित्र सर्वांत वेडेवाकडे होते. तिने चार लहान चाकांची गाडी काढली होती आणि गाडीच्या पुढच्या अंगास काहीतरी लोंबकळत होते. ती फळी होती. उंबऱ्यापाशी येताच गाडीने आपली फळी पुढे टाकावयाची, तिच्यावरून चढावयाचे, आणि वर गेल्यावर दोरीने ती फळी मागून ओढून घ्यावयाची, असा तिचा बेत. पण कागदावर ती फळी जिभेसारखी दिसत होती. मुलांनी लगेच तिचे नाव "जीभवाली" ठेवले. नाव ठेवले, पण वाईट म्हटले नाही. नियम पाळला गेला. ती स्वतःही हसली, आणि फळी किती लांब हवी हे ठरविण्यासाठी कागदाची पट्टी दुमडून पाहू लागली.

तिसऱ्या संध्याकाळी आम्हांस राहवले नाही. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या मोटारीची जी चाके मुलांनी आणली होती, ती साडेसहा सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर सव्वातीन सेंटिमीटर, आणि उंबरा चारचा. चाकाच्या आसाहून उंबरा उंच असला की चाक त्यास नुसते धडकते, चढत नाही. हे साधे गणित कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. आम्ही कोरा कागद बोर्डावर लावला, पेन्सिलीस टोक केले आणि दहा मिनिटांत गाडीची बाजूची आकृती काढून दिली. तेरा सेंटिमीटर व्यासाची मोठी चाके, मध्ये खाली बसविलेली पेल्याची बैठक, मापाच्या रेषा, बाण, खाली सुवाच्य अक्षरांत परिमाण. हात थरथरला नाही याचे आम्हांस कौतुक वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मुले स्तब्ध झाली. मग एक म्हणाला, "वाह आजोबा! बस, यही बनाते हैं।"

आम्ही कोणाच्याही चित्रास वाईट म्हटले नव्हते. आम्ही चांगले चित्र काढले होते. त्या क्षणानंतर त्या मेजावर एकही नवे चित्र निघाले नाही. दुसऱ्या दिवशी मुले आली ती नट-बोल्टांची आणि चाकांची यादी करावयास. यादीसाठी कागद हवा होता. त्या मुलीने जवळ पडलेला एक कागद उलटा केला आणि तिच्या टपोऱ्या अक्षरांत आमच्या चाकांची यादी लिहिली. आठवड्याभराने मेज आवरताना तो कागद आमच्या हाती आला. पाठीमागे जीभवाली होती.

यानंतरचे दोन प्रसंग सांगतो आणि मग विचाराकडे वळतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, आणि दोन दिवसांनी त्यातील 'प्रज्ञान' गाडी खाली उतरतानाची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. आमच्या बैठकीत मुलेही पाहत होती. सव्वीस किलोंची ती सहाचाकी गाडी एका उतरत्या फळीवरून हळूहळू चंद्राच्या मातीवर आली. कोळी काढणारा मुलगा ओरडला, "अरे, ये तो जीभवाली है!" सर्वांनी मागे वळून पाहिले. ती मुलगी खाली मान घालून मोठ्या चाकाचा स्क्रू आवळत होती. तिने आवळणे थांबविले नाही.

यावरून तिचेच बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. चंद्रावरची गाडी फळीवरून एकदा उतरली आणि फळी तेथेच राहिली; हिच्या गाडीस चढावयाचे होते, फळी बरोबर न्यावयाची होती, आणि परतही यावयाचे होते. कदाचित ती कल्पना फसलीच असती. परंतु ती फसली नाही. तिला फसण्याची संधीच मिळाली नाही.

दुसरा प्रसंग स्पर्धेतला. गाडीने उंबरा ओलांडला, थोडे पाणी सांडले, क्रमांक मधला आला. त्याविषयी विशेष सांगण्याजोगे नाही. परीक्षकांनी मात्र एक साधा प्रश्न विचारला: एवढे मोठे चाक घ्यावे असे तुमच्यापैकी कोणास सुचले? मुले एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही पालकांच्या रांगेत बसलो होतो. ती मुलगीच शेवटी म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं." शाळेत सत्य बोलण्यावर निबंध लिहून पारितोषिक मिळविणारी ती मुलगी, आणि ते असत्य तिने आमच्यासाठी, आमच्याकडे न पाहता उच्चारले.

येथे प्रश्न नुसत्या चाकाचा राहत नाही. सहा मुलांचे एक "आम्ही" त्या मेजाभोवती तयार होत होते. वेडेवाकडे होते, भांडखोर होते, पण खरे होते. आमच्या एका रेघेने ते खोटे केले. वाचकांनी पाहिलेच असेल, की हे लिहिताना आम्ही स्वतःसही "आम्ही" म्हणत आहो. मासिकांतून लिहिणाऱ्यांची ही जुनी रीत आहे, आणि तीत विनय आहे असे मानतात. पण रेघ एका हाताने ओढली होती, आणि या बहुवचनाच्या पदराआड तो हात लपू नये.

नीटस रेघेत एवढे सामर्थ्य का असावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कच्चे चित्र पाहणाऱ्यास बोलावते. रेघ दोनदा ओढलेली असते, टोक कोठे थांबले ते स्पष्ट नसते, आणि त्या अस्पष्टतेत दुसऱ्याच्या पेन्सिलीस जागा असते. पट्टी लावून काढलेली, मापे घातलेली आकृती काही विचारीत नाही, ती सांगते. आणि गंमत अशी, की तिला जे सांगावयाचे असते त्याची खात्री काढणाऱ्यास असतेच असे नाही. आमचेच पाहा. चाक दुप्पट मोठे केले की त्याच मोटारीची जमिनीवरील ओढ निम्मी होते, ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. त्या पिवळ्या मोटारीस ते भार पेलेल की नाही हे मुळीच ठाऊक नव्हते. चाके मोठी झाली की गाडी उंच होते आणि पाणी हिंदकळते, याचा तर आम्ही विचारही केला नव्हता. पण आकृतीत यांपैकी कोणतीच शंका दिसत नव्हती. बाण सरळ होते, अक्षर सुवाच्य होते. आपल्या मनात नसलेला निश्चय कागदावर दाखविणे, हे असत्य नव्हे तर काय? ज्या असत्याबद्दल आम्हांस त्या मुलीची कीव आली, त्याचे मूळ आमच्या सुवाच्य अक्षरातच होते.

कचेरीतील एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे एक वरिष्ठ टेलिफोनवर बोलताना हातातील पेन्सिल समोरच्या कागदावर फिरवीत असत. एकदा एका मोरीच्या नकाशावर त्यांची अशी एक रेघ उमटली. साहेबांची रेघ; ती खोडण्याचे धाडस कोण करणार? ट्रेसिंग करणाऱ्याने ती शाईने पक्की केली, ब्ल्यूप्रिंटवर ती पांढरी होऊन उमटली, आणि दोन महिन्यांनी साहेबांनीच विचारले, ही भिंत येथे कोणी घातली? त्या वेळी आम्ही त्यांस मनसोक्त हसलो होतो.

आमचे एक गायक स्नेही आहेत. त्यांच्यापाशी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांस आमची टोचणी अगदी अनाठायी वाटली. ते म्हणाले, ज्या गावात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली गायनाचे विद्यालय काढले, त्या गावात राहून तुम्ही असे कसे बोलता? आमच्याकडे गुरू आधी गातो. शिष्य ऐकतो, मागून म्हणतो, वर्षानुवर्षे म्हणतो. तेव्हा कोठे त्याचा स्वतःचा आवाज फुटतो. मुलांस आधी कोरा कागद देऊन "सुचेल ते गा" म्हटले असते तर ग्वाल्हेरचे घराणे उभे राहिले असते काय? पहिली रेघ गुरूचीच असावी लागते.

हा आक्षेप पोकळ नाही, आणि बरेच दिवस आम्ही त्याच्या आधाराने आपले समाधान करून घेतले. परंतु पुढे ध्यानात आले, की गुरू जी देतो ती बंदीश असते. बंदीश म्हणजे बांधलेले काही. राग बांधलेला, ताल बांधलेला, सम कोठे येते ते ठरलेले. त्या बांधणीच्या आत आलाप कसा करावा, कोठे थांबावे, समेवर कसे यावे, हे शिष्याला पुढे स्वतःच शोधावे लागते. आणि शिष्य आपली तान घेत असता गुरूने मध्येच तोंड उघडून ती पुरी केली, तर मैफलीतील जाणते मान खाली घालतात. मुलांना बंदीश मिळालीच होती. चार सेंटिमीटरचा उंबरा, पाण्याचा पेला, अमुक दिवस, अमुक खर्च, हीच ती बंदीश. आम्ही फार तर तिच्यातील एक सुटलेला स्वर दाखवावयाचा होता: बाळांनो, आसाहून उंच उंबरा चाक चढत नाही. एवढे बोलून गप्प बसलो असतो तर पट्टा काढणाऱ्याला वाटले असते आपला पट्टा बरा, फळीवालीला वाटले असते आपली फळी बरी, आणि मोठे चाक काढावेसेही त्यांच्यापैकी कोणाला तरी सुचले असते. गणित देणे हे ज्ञान देणे होते. चित्र देणे हे निराळे काही होते. त्यात पुन्हा एकदा बोर्डापुढे बसून आपले बोट अजून चालते हे पाहण्याची आमची हौस होती, आणि तीस आम्ही मार्गदर्शन असे नाव दिले.

येथून जवळच, म्हणजे याच प्रांतातील धारेस, अकराव्या शतकात राजा भोज होऊन गेला. त्याच्या नावावरील 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रांचे वर्णन आहे. पाऱ्याच्या योगे उडणारा लाकडी पक्षी आहे, नाचणाऱ्या बाहुल्या आहेत, दारावर पहारा करणारे लाकडी द्वारपाल आहेत. पण ही यंत्रे जुळवावयाची कशी ते सांगितलेले नाही. आणि न सांगण्याचे कारण अज्ञान नसून गुप्तता होय, असे ग्रंथकार बजावून सांगतो. जुन्या विद्येची ती रीत होती. सिद्ध झालेले यंत्र लोकांपुढे यावे; त्यामागची चुकलेली माकलेली चित्रे कोणी पाहू नयेत. आजच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांची रीत नेमकी उलटी आहे. डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत 'फर्स्ट' नावाची संस्था स्थापिली. तिच्या स्पर्धांतून मुलांस पहिल्या दिवसापासूनची वही ठेवण्यास शिकवतात, आणि तीत टाकून दिलेल्या कल्पनाही, तारखेसह, का टाकल्या ते लिहून, जशाच्या तशा राहतात. पाहता ही किरकोळ शिस्त दिसते. परंतु तीत एक नीतीचा विचार आहे. टाकलेली कल्पना म्हणजे मेलेली कल्पना नव्हे. ती कोणाची होती हे नोंदलेले असले, म्हणजे तीस टाकणाऱ्यांना कारण द्यावे लागते, आणि कारण दिले की काढणाऱ्याचा मान राहतो. आमच्या बैठकीतील वहीत मात्र दोन दिवसांची चित्रे होती, तिसऱ्या दिवशी आमची आकृती, आणि मध्ये कारण म्हणून एक शब्दही नव्हता.

तरी नावाचा आग्रह किती धरावा, हेही ज्याचे त्याने पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत खडकात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे लहानसे देऊळ लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची मापे दिली आहेत, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. आणि रोज पन्नास माळा देवाला द्याव्यात असे म्हटले आहे. त्या २७० मधील आणि त्या ५० मधील वाटोळे शून्य पाहण्यास देशोदेशींचे गणिती येतात. देऊळ करविणाऱ्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याचे नाव शिलालेखात राहिले आहे. शून्य प्रथम कोणास सुचले, त्याचे नाव जगात कोठेच नाही. म्हणून त्या शून्याचे काही अडले नाही. देवळात उभे राहून आम्ही कितीदा तरी मनास समजाविले आहे, की एका फळीचे आणि एका चाकाचे काय घेऊन बसावे! ममत्व सोडावे हेच आपल्या संतांनी आणि गीतेने सांगितले. पण ममत्व ज्याचे त्याने सोडावयाचे असते. त्या मुलीने आपली फळी आपण होऊन सोडली असती तर तो त्याग झाला असता. आम्ही तिच्याकडून ती सोडविली, आणि वर तिला निर्मम समजून तिचे कौतुक करावे, हा कोणता न्याय?

२००८ साली पुण्यास आशियाई देशांतील विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही यंत्रमानवांची स्पर्धा भरली होती. तिचा विषय होता दहीहंडीचा. गोकुळातील मडक्यांतून यंत्रांनी लोणी काढावयाचे आणि जिंकणाऱ्याने "गोविंदा" मिळवावयाचा, अशी ती रचना होती. परदेशी मुलांनी तो शब्द कसा उच्चारला असेल कोण जाणे, पण विषय निवडणाऱ्याच्या रसिकतेचे आम्हांस फार कौतुक वाटते. कारण दहीहंडीत तळच्या थरातील गड्यास हंडी दिसतही नाही. त्याचे तोंड दुसऱ्याच्या पाठीत असते. तरी हंडी फुटली की तो "गोविंदा" म्हणून ओरडतो तेव्हा त्यात तिळमात्र असत्य नसते. त्याच्या खांद्यावर वरच्या पोरांचा भार असतो. आमच्या सहा मुलांच्या "आम्ही" मध्ये जे उणे होते ते हेच. चाकाचा निर्णय त्यांच्यापैकी कोणाच्याच खांद्यावरून वर चढला नव्हता. तो वरून, माडीवरून, दोर सोडून कोणीतरी हंडी खाली उतरवून द्यावी तसा त्यांच्या हातात आला होता. हंडी मिळाली, पण कोसळण्याची भीती नाही, पाय घसरणे नाही, पुन्हा थर लावणे नाही.

त्याच स्पर्धेचे यजमानपण २०१४ साली पुन्हा पुण्याकडे आले, आणि त्या वर्षीचा विषय होता पालकत्वास वंदन. दोन यंत्रे होती. पालक-यंत्र माणसाने चालवावयाचे; बाल-यंत्र स्वयंचलित. पालकाने बाळास झोपाळ्यापर्यंत, सी-सॉपर्यंत न्यावयाचे, आणि खेळ बाळाने खेळावयाचा. हे वाचले तेव्हा आम्ही ते नियम दोनदा वाचून काढले. पालकाने झोपाळ्यावर स्वतः बसून दाखवावे, असे त्यांत कोठेही नव्हते.

आमच्या घरात या गोष्टीवर एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की तुम्ही रेघ ओढली नसती तर त्या पोरांची गाडी उंबऱ्याला धडकून धडकून मोडली असती, पावसात त्यांची मने खट्टू झाली असती, आणि मग तुम्ही "का सांगितले नाही" म्हणून दुसराच लेख लिहिला असता. ते खोटे नाही. बुडणाऱ्यास पोहणे शिकवीत बसू नये हे आम्हांस मान्य आहे. पण मुले बुडत नव्हती. ती तीन दिवस काठावर पाय हलवीत बसली होती, आणि पाण्याचा आनंद घेत होती.

२०२४ च्या जुलैत मुले पुन्हा आली. दोघे दहावीत गेल्यामुळे गळाले होते, दोन नवे आले होते. स्पर्धेत पुन्हा उंबरा होता, या खेपेस दोन. आम्ही आधीच बोर्ड भिंतीशी उभा करून ठेवला होता आणि पेन्सिली मुलांच्या डब्यात टाकल्या होत्या. चहा झाल्यावर आम्ही तो जुना कागद काढून त्या मुलीपुढे ठेवला. एका बाजूस यादी, दुसऱ्या बाजूस जीभवाली. आम्ही म्हणालो, की हे चित्र गेल्या वर्षी आमच्यामुळे मागे पडले, आणि त्या दिवशी स्पर्धेत जे उत्तर तुला द्यावे लागले तेही आमच्यामुळे. त्याचे आम्हांस फार वाईट वाटते. एवढे बोलावयास आम्हांस वर्ष लागले होते.

तिने कागद उजेडात धरून पाहिला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "पण आजोबा, ही फळी लहानच पडली असती. गाडी वर चढता चढता तिचं पोट उंबऱ्याला घासलं असतं. मी नंतर घरी करून पाहिलं होतं." आणि तिने वही उघडून दाखविली. दोन ठिकाणी दुमडणारी फळी होती, बिजागऱ्या होत्या, खाली तारीख होती: ३ सप्टेंबर २०२३. शेजारी तिने आमचे मोठे चाकही काढले होते आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह होते.

मग ती उठली, आतल्या खोलीच्या दारात उकिडवी बसली आणि आमच्या उंबऱ्यास पट्टी लावून तिने आतूनच विचारले, "आजोबा, तुमचा उंबरा चारचा नाहीये, साडेपाचचा आहे. माहीत होतं का तुम्हाला?"

आम्हांस माहीत नव्हते.